चिनी मार्शल आर्टची जुनी पुस्तकं जमवणारं कुणी आहे का इथे? (आणि एका पुस्तकाचं वय ठरवायचंय)

जुनापुराणा | रविवार, सकाळी ९:४०

मंडळी, आधी कबुली देतो. मला चिनी धड वाचता येत नाही. कंपनीच्या कामासाठी २०११ ते २०१६ शांघायजवळ होतो. भाजीवालीशी घासाघीस आणि साडेतीनशे-चारशे चिन्हं, एवढीच त्या पाच वर्षांची कमाई. पण एक खोड लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

झालं असं, की घरासमोरच्या बागेत सकाळी एक निवृत्त बसड्रायव्हर ताईची शिकवायचे. मीही मागच्या रांगेत उभा राहून हात हलवायचो. एकदा पावसामुळे वर्ग झाला नाही, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून दाखवलं. उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडे, मधे मधे एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचे फोटो. सुन लूतांग यांचं १९२१ मधलं ताईचीचं पुस्तक, त्याची पुनर्मुद्रित प्रत. मी ते हातात घेतलं आणि गेलोच!

शांघायच्या जुन्या गावात कन्फ्यूशियसचं देऊळ आहे, वनम्याओ म्हणतात. त्याच्या आवारात दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा (२०२१ मध्ये बंद झाला, वाचून वाईट वाटलं). तिथे पाच वर्षांत साठ-एक पुस्तकं गोळा केली. बहुतेक नंतरच्या आवृत्त्या, अस्सल जुनी म्हणावीत अशी जेमतेम सहा.

आता मुद्दा. त्यातलं एक पातळ पुस्तक तानतुईचं आहे, म्हणजे उत्तरेकडच्या लाथांच्या सरावाचं. एकूण बारा 'मार्ग', फोटोंसकट. प्रस्तावनेच्या शेवटी 'मिन्ग्वो ६' असं आहे, म्हणजे १९१७. शेवटची पानं फाटून गेलीत, नेमकं प्रकाशनाचं पान त्यातच गेलं. दोन तारांच्या टाचण्या. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नाही. पहिल्या पानावर कुणाचा तरी चौकोनी शिक्का. फोटो जोडतोय. ४० युआनला घेतलं होतं. हे खरंच १९१७ चं असेल का?

---

शाईचा डाग | रविवार, सकाळी १०:१५

वाचनखूण साठवली! मिन्ग्वो म्हणजे काय पण?

---

जुनापुराणा | रविवार, सकाळी १०:३२

सॉरी, ते सांगायचं राहिलं. १९११ च्या क्रांतीनंतर प्रजासत्ताक आलं, त्याची कालगणना. १९१२ म्हणजे मिन्ग्वो १. म्हणून आकड्यात १९११ मिळवायचे. मिन्ग्वो २२ म्हणजे १९३३.

पण खूपदा हा आकडा नसतोच, साठ वर्षांच्या चक्रातलं नाव असतं. आपल्या पंचांगात प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं असतात ना, थेट तसंच. साठ वर्षांनी तेच नाव परत येतं आणि विक्रेत्याचं फावतं. 'शिनहाई' म्हणजे १९११, १८५१ आणि १९७१ सुद्धा. मला एकाने १९७१ चं हाँगकाँगी पुस्तक 'छिंग राजवटीच्या शेवटच्या वर्षातलं' म्हणून दाखवलं होतं. आत माणसाच्या मनगटावर घड्याळ.

---

सह्यकडा | रविवार, दुपारी १२:०५

छान छंद. फक्त एक आठवण करून द्यावीशी वाटते, की हे सगळं मूळ आपलंच आहे. बोधिधर्म इथून गेला, त्याने शाओलिनच्या भिक्षूंना शिकवलं. त्याचा ग्रंथही आहे ना, यीचिनचिंग की काहीतरी? तो संग्रहात असायलाच हवा.

---

तायपेकर | रविवार, दुपारी २:५०

धागा वाचून राहवलं नाही. मी अकरा वर्षं तैवानात आहे, चिनी शिकवून पोट भरते.

सह्यकडा, हा ग्रंथ मिळतो आणि संग्रहात असावाही, पण वेगळ्या कारणासाठी. त्याच्या एका प्रस्तावनेवर ६२८ सालची आणि दुसरीवर ११४२ ची तारीख आहे, पण पुस्तकाचा माग सतराव्या शतकाच्या अलीकडचाच लागतो. एका जुन्या प्रतीवर १६२४ ची तारीख आहे. म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी कुणीतरी त्याचं नाव चिकटवलं. हे मी नाही, चिनी माणसानेच सांगितलंय. तांग हाओ नावाचे वकील होते, स्वतः तालमीतले. १९३० मध्ये त्यांनी शाओलिन आणि वूतांगवर छोटंसं पुस्तक काढलं, त्यात शाओलिनचा बोधिधर्म आणि वूतांग डोंगरावरचा, ताईचीचा जनक मानला गेलेला चांग सानफंग या दोन्ही मूळपुरुषांच्या कथा पुराव्यानिशी खोडून काढल्या. गुरुमंडळी किती चिडली असतील याचा अंदाज करा. संग्राहकांत आज त्या पुस्तकाला फार मान आहे.

शाओलिनचं मंदिर स्थापन झालं तेच एका भारतीय भिक्षूसाठी, पाचव्या शतकाच्या अखेरीस, पण तो बोधिधर्म नव्हे.

आणि भारत शोधायचाच असेल तर शब्दांत शोधा ना! १६१० च्या दशकात छंग चुंगयौ याने शाओलिनच्या काठीवर ग्रंथ लिहिला. त्यातल्या काठीच्या प्रकारांची नावं 'लहान येछा' आणि 'मोठा येछा'. येछा म्हणजे यक्ष. काठीचा मूळपुरुष म्हणून कथा येते ती चिन्नालोची, म्हणजे किन्नराची. स्वयंपाकघरातला साधा सेवक बंडखोर चालून आल्यावर चुलीतलं लाकूड घेऊन धावला आणि देव ठरला. ताईचीच्या चन घराण्यात अगदी सुरुवातीची एक हालचाल आहे, 'चिनकांग उखळात मुसळ मारतो'. चिनकांग म्हणजे वज्र, वज्रधारी. यक्ष, किन्नर, वज्र आणि मुसळ, एवढं पुरे नाही का?

---

सह्यकडा | रविवार, दुपारी ३:१०

हे माहीत नव्हतं. यक्ष-किन्नर भारी आहे. बोधिधर्माबद्दल पूर्ण पटलं नाही, पण वाचीन.

---

किल्लेदार | रविवार, दुपारी ४:२५

या विषयावरचं सगळ्यात जुनं छापील काय मिळतं? माझा रस शस्त्रांत.

---

तायपेकर | रविवार, संध्या. ५:४०

चित्रांसकट म्हणाल तर सगळे छी चिकुआंगपासून सुरुवात करतात. मिंग राजवटीचा सेनापती, किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढणारा. १५६० च्या सुमारास त्याने सैन्य कसं तयार करावं यावर ग्रंथ लिहिला. त्यात भाले, ढाली, लांब बांबूची फांदेरी शस्त्रं आणि एक प्रकरण मुठीचं, म्हणजे बिनशस्त्र लढण्याचं, ३२ पवित्र्यांची चित्रं. तो सरळ सांगतो, की मोठ्या लढाईत मूठ फारशी कामाची नाही, पण हातपाय मोकळे होतात म्हणून नवशिक्याने इथून सुरुवात करावी. सेनापतीच्या तोंडचं हे वाक्य मला गुपितांच्या शंभर पोथ्यांपेक्षा आवडतं. पुढे १६२१ चा 'वूपेईची' हा २४० भागांचा युद्धकोश आला, त्यातही हा मजकूर उचललाय.

त्या ३२ मधला पहिला पवित्रा 'लान झा यी', म्हणजे आळसटपणे झगा खोचणं. लांब झग्याचा सोगा कमरेत खोचून माणूस तयार होतो. आपले आजोबा धोतराचा सोगा खोचायचे तसं. हे नाव चन घराण्याच्या ताईचीत आजही आहे.

मूळ मिंगकालीन प्रती विसरा, त्या ग्रंथालयांत आहेत. तुम्हाला मिळेल ती छायाप्रत.

---

जुनापुराणा | रविवार, रात्री ९:०५

ताई, तुम्ही येणार हे माहीत असतं तर धागा आधीच काढला असता!

दुर्मीळ का, याबद्दल माझं निरीक्षण. १९१० ते १९३७ या पंचवीस-सत्तावीस वर्षांत ही पुस्तकं बदाबदा छापली गेली. त्याआधी बहुतेक हाताने लिहिलेल्या वह्या, गुरूकडून चेल्याकडे. मग १९१० मध्ये शांघायला चिंगवू संस्था निघाली, तिने वर्ग काढले, फोटो काढले, पुस्तकं काढली. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारी 'क्वोशू' (राष्ट्रीय युद्धकला) संस्था. चीनवरचा 'पूर्वेचा आजारी माणूस' हा शिक्का पुसायचा तर शाळेत कवायतीसारखं शिकवता आलं पाहिजे, आणि शाळेत शिकवायचं तर पुस्तक हवं. म्हणजे शेकडो वर्षं लपवलेलं ज्ञान एका पिढीने दुकानात आणून ठेवलं.

आणि मग जळलं. शाओलिनचं मंदिर १९२८ च्या मार्चमध्ये एका सेनानीने पेटवलं, त्यात तिथला ग्रंथसंग्रह गेला. १९३२ च्या जानेवारीत जपानी बॉम्बफेकीत शांघायचा कमर्शियल प्रेस हा प्रचंड छापखाना गेला. ही पुस्तकं छापणाऱ्या मोठ्या प्रकाशकांपैकी तो एक. पुढे १९६६ नंतर, सांस्कृतिक क्रांतीत, ज्यांच्या घरात काही उरलं होतं त्यांनी स्वतःच चुलीत घातलं. आमचे बसड्रायव्हर गुरुजी सांगायचे, की त्यांच्या वडिलांनी तलवार विहिरीत टाकली आणि वही जाळली. वहीबद्दल सांगताना ते जास्त हळू बोलायचे.

१९८३ ते ८६ मध्ये सरकारने देशभर शोधमोहीम काढली. १२९ पद्धतींची नोंद झाली आणि ४८२ हस्तलिखितं-पुस्तकं जमली. एवढ्या मोठ्या देशात ४८२!

---

चहाचा कप | रविवार, रात्री १०:२०

हस्तलिखितांवरून माझी फजिती सांगतो, हसा.

सहा वर्षांपूर्वी ऑनलाइन 'छिंगकालीन गुप्त हस्तलिखित, दक्षिणी मूठ' घेतलं. रक्कम सांगत नाही, बायको इथे वाचते. आलं तेव्हा काय तो थाट. निळं कापडी आवरण, तांबूस पानं, कडा कुरतडलेल्या, आत ब्रशने काढलेली माणसं. महिनाभर फुशारक्या मारल्या. मग एका चिनी सहकाऱ्याला दाखवलं. त्याने पान नाकाशी नेलं आणि म्हणाला, 'चहा.' खरंच चहात भिजवलेलं. डाग पानाच्या मधोमध जास्त, कडेला कमी. खरं जुनं पान कडेकडून पिकतं. वर सरलीकृत चिन्हं, १९५६ नंतरची.

तेव्हापासून हा आयडी.

---

तायपेकर | सोमवार, सकाळी ७:३०

हाहा, आयडीचा उलगडा झाला! फक्त एक सांगते, सरलीकृत चिन्ह दिसलं की लगेच खोटं ठरवू नका. १९५६ मध्ये सरकारने जी चिन्हं मान्य केली त्यातली पुष्कळशी लोक घाईच्या लिखाणात शतकानुशतकं वापरत होतेच. आपल्या मोडीसारखं समजा. वाणी, हिशेबनीस, वैदू असंच लिहायचे आणि मुठीच्या वह्या लिहिणारे हेच लोक. उलट सगळी चिन्हं शाळेतल्या कित्त्यासारखी सुबक असतील तर मला जास्त संशय येतो. चुका बघा. अस्सल वहीत उच्चारावरून लिहिलेली भलतीच चिन्हं असतात, कारण गुरूने तोंडी सांगितलं आणि चेल्याने कानाला लागलं ते लिहिलं.

---

वाळवी | सोमवार, सकाळी ११:००

माझ्या नावावर जाऊ नका, मी पुस्तकांच्या बाजूने आहे. दादरला समुद्राजवळ राहतो, पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आणि कसर दोन्ही. डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का?

---

जुनापुराणा | सोमवार, दुपारी १:१५

नको, वास जन्मभर जात नाही. आमच्या आजीच्या पोथ्यांत वेखंडाची पुरचुंडी असायची, मी अजून तीच ठेवतो. शिवाय सिलिका जेल, आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा बाहेर काढून पानं उलगडायची. टाचण्या गंजल्या असतील तर काढून सुती दोऱ्याने शिवा. गंज कागद खातो.

एक गंमत. ग्वांगतुंग प्रांतातल्या जुन्या पुस्तकांना पुढे-मागे भडक नारिंगी पान असतं. मला आधी सजावट वाटली. तो शेंदूर आहे! शिशाचा शेंदूर कागदाला माखायचे, कसर जवळ येत नाही म्हणून. शेकडो वर्षांनीही ते पान आणि त्याच्या लगतची पानं धडधाकट असतात. तेव्हा बोटाला थुंकी लावून पानं उलटायची सवय असेल तर तेवढी सोडा.

---

किल्लेदार | सोमवार, दुपारी २:००

इथे बसून मागवायची कशी?

---

जुनापुराणा | सोमवार, दुपारी २:४०

जुन्या पुस्तकांची एक मोठी चिनी साइट आहे, कोंगफूत्झ. कुंगफूशी संबंध नाही, ते कन्फ्यूशियसचं चिनी नाव. परदेशी पाठवायला बहुतेक विक्रेते तयार नसतात, तिथला एजंट लागतो. आणि कायदा लक्षात ठेवा. १९११ पूर्वीचं जुनं पुस्तक चीनबाहेर नेता येत नाही, १९४९ पर्यंतचंही मोलाचं ठरलं तर अडवतात. म्हणून कुणी 'मिंगकालीन, घरपोच' म्हणालं की समजून जा, एकतर कायदा मोडतोय किंवा खोटं बोलतोय. बहुधा दुसरंच.

सुरुवात करणाऱ्याने सरळ छायाप्रती घ्याव्यात. तैवान आणि शानशीच्या प्रकाशकांनी जुनी पुस्तकं जशीच्या तशी छापलीत. मला लागलं ते वेड छायाप्रतीनेच लागलं.

---

तालीमवाला | सोमवार, रात्री ८:३०

कोल्हापूरचा आहे, चिनी शून्य. पण हे वाचताना सारखी 'व्यायाम ज्ञानकोशा'ची आठवण येतेय. बडोद्याहून मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंड काढले, कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, सगळं फोटोंसकट. आमच्या तालमीत दोन खंड होते, एकाचं जाडजूड पुठ्ठ्याचं कव्हर पोरांनी वजन म्हणून वापरलं.

म्हणजे तुमचे चिनी वस्ताद आणि आमचे बडोदेकर एकाच वेळी तेच करत होते की! आणि त्याच १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं होतं, ऑलिंपिकच्या वेळी, मल्लखांब-कबड्डी दाखवायला.

---

तायपेकर | सोमवार, रात्री ९:१०

काय सांगता! क्वोशूचं चिनी पथकही त्याच ऑलिंपिकला बर्लिनमध्ये प्रात्यक्षिकं द्यायला होतं. अमरावतीकरांनी आणि नानजिंगकरांनी एकमेकांना पाहिलं असेल का? रात्रभर हेच डोक्यात राहणार.

---

जुळारी | मंगळवार, सकाळी ८:२०

मूळ प्रश्न सगळे विसरलात. चाळीस वर्षं छापखान्यात घालवली, म्हणून बोलतो.

जुनापुराणा, तीन गोष्टी करा. एक, पान उलटं करून मागून बोट फिरवा. खिळ्यांची छपाई असेल तर दाब मागे लागतो. शिळाप्रेस असेल तर लागणार नाही, पण अक्षराची कड जरा पसरट दिसते, आपल्या जुन्या पोथ्यांसारखी. दोन, दहापट भिंग घ्या आणि फोटोतल्या माणसाच्या कपाळावर ठेवा. हाफटोनचे ठिपके (छापील फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो ते) एकसारख्या जाळीत असायला हवेत. तीन, ते ठिपके कसे दिसतात ते इथे लिहा.

---

जुनापुराणा | मंगळवार, संध्या. ७:४५

केलं. दाब अजिबात नाही, पान गुळगुळीत. ठिपके आहेत, पण विचित्र. जाळीवर दुसरी जाळी टाकावी तशा लाटा दिसतात, रेशमी साडीवर पाणी दिसतं तशा.

---

जुळारी | मंगळवार, रात्री ८:००

मग ते मूळ नाही. छापलेल्या फोटोचा परत फोटो काढून छापलंय. पहिल्या छपाईची जाळी आणि दुसऱ्या छपाईची जाळी एकमेकींवर चढल्या की लाटा उठतात. ऑफसेट आहे, १९६० च्या पुढचं.

---

तायपेकर | मंगळवार, रात्री ८:२५

मीही एक विचारते. पहिल्या पानावरचा शिक्का. तुम्ही फोटो काळापांढरा टाकलाय. शिक्क्याचा रंग कोणता?

---

जुनापुराणा | मंगळवार, रात्री ८:३१

काळा.

---

तायपेकर | मंगळवार, रात्री ८:५०

मग संपलंच. मालकीचा शिक्का हिंगुळाच्या लाल शाईने उठवतात. तुमच्याकडे आहे ते मूळ प्रतीवरच्या लाल शिक्क्याचं काळ्या शाईत छापलेलं चित्र.

मला वाटतं हे तैवानचं आहे, १९६० किंवा ७० च्या दशकातलं. तेव्हा इथे लष्करी कायदा होता (तो १९८७ ला उठला) आणि चीनच्या मुख्य भूमीवर राहिलेल्या लेखकांची पुस्तकं छापायला बंदी. प्रकाशक शहाणे. कोण तिकडे राहिला, कोण मेला, कोण इकडे आला ही चौकशी करत बसण्यापेक्षा लेखकाचं नावच गाळायचं किंवा बदलायचं. म्हणून तुमचं मुखपृष्ठ बिनानावाचं. फुकट गेलं असं समजू नका, आता याही प्रती सहज मिळत नाहीत.

शिक्का मोठा करून पाहिला. चार चिन्हं आहेत, 'लिन शी चांग शू'. म्हणजे लिन घराण्याच्या संग्रहातलं पुस्तक.

---

जुनापुराणा | मंगळवार, रात्री ११:१०

तासभर भिंग घेऊन बसलोय. १९१७ गेलं, जाऊ दे. पण आता नवीनच दिसतंय. आठव्या मार्गाच्या फोटोशेजारी समासात एक बारीक काळी रेघ आहे, मी छपाईची घाण समजत होतो. ती घाण नाही, पेन्सिलीची खूण छापली गेलीय. पायाच्या चवड्याकडे बाण आणि बाजूला एकच चिन्ह, 'हळू'. म्हणजे त्या लिन घरातलं कुणीतरी पुस्तक समोर ठेवून खरंच लाथा मारत होतं, आठव्यात अडकलं होतं, आणि त्याची खूण छापखान्यातून जशीच्या तशी शेकडो प्रतींत गेली.

आठवा मार्ग मलाही जमत नाही, बाय द वे.

ताई, एक काम कराल? तायपेच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत कधी गेलात तर हे निळसर पातळ मुखपृष्ठ बघा. माझ्या प्रतीत अकराव्या मार्गाच्या मधेच पानं संपतात. बारावा मार्ग अजून पाहिलेलाच नाही.

---

तायपेकर | मंगळवार, रात्री ११:२५

शनिवारी जाते. सापडलं तर आधी आठव्या मार्गाचं पान बघते, पेन्सिल आहे का ते.